शशिकला सगदेव आणि दोन फोन

शशिकला सगदेवचा आवाज ऐकून स्थळं यायची आणि चेहरा पाहून परत जायची, असं भोपाळच्या मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या. आडून नव्हे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला, शशिकला शेजारच्याच खुर्चीत आंब्याची डाळ खात असताना म्हणायच्या. तीही शांतपणे डाळ संपवायची, वाटी खाली ठेवायची आणि उठता उठता त्यातल्या एखादीला तिच्या सुनेबद्दल असं काही गोड विचारायची की त्या बाईचा पुढचा आठवडा वाया जावा. पुढे वय झालं, स्थळं यायची थांबली आणि बायकांनी दुसऱ्या मुली धरल्या. आवाज मात्र पन्नाशी उलटली तरी तसाच राहिला.

त्या आवाजावर तिचं पोट होतं. शाहपुऱ्यात तळ्याच्या अंगाला विश्वनाथ नेमांचं ऑफिस होतं. पंपांना लागणारे व्हॉल्व्ह ते बनवत. कारखाना मंडीदीपला, ऑफिस शाहपुऱ्यात, आणि दोन्हींच्या मध्ये शशिकला. बाहेरून आलेला प्रत्येक फोन आधी तिच्याकडे यायचा, मग ती तो ज्याचा त्याला जोडून द्यायची. सागरचे, खंडव्याचे, जबलपूरचे व्यापारी तिला कधी न पाहता ओळखायचे. एक जण तर दिवाळीला फक्त तिच्यासाठी म्हणून मिठाईचा डबा पाठवायचा. तो एकदा ऑफिसात आला, शशीजी कुठे बसतात म्हणून विचारत आत गेला आणि लगेच बाहेर आला. पुढच्या दिवाळीपासून डबा बंद झाला.

ती ऑफिसात आत का बसायची, याचीही एक गोष्ट आहे. नोकरीसाठी ती आली तेव्हा पंचविशीची होती आणि नेमा चाळिशीचे, उंचेपुरे, पांढऱ्याशुभ्र सफारीतले. त्यांनी शेजारच्या खोलीत तिच्या हातात रिसीव्हर दिला आणि इकडून तिचा आवाज ऐकला. खूश झाले. मग तिला समोर बोलावलं, पाहिलं, आणि खोलीत बसलेल्या चारचौघांकडे बघत म्हणाले, "आवाज़ तो कोयल की है, शशि। बस, सामने मत आना।" सगळे हसले. नोकरी हवी होती म्हणून शशिकलाही हसली. दुसऱ्या दिवशी तिचं टेबल दर्शनी जागेतून उचलून दुधी काचेच्या पार्टिशनमागे गेलं. पुढे दिसायला बरी मुलगी बसायची. त्या मुली लग्न होऊन जायच्या, नव्या यायच्या, सध्या सोनल होती. काचेमागची शशिकला तीच राहिली आणि ते वाक्यही तिच्याजवळ राहिलं. कुणी आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू जपावी तसं तिने ते जपलं.

आता तिच्या घरची एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. तिचे वडील नागपूरच्या सचिवालयातले कारकून. राजधानी भोपाळला हलली तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर तेही हलले आणि अशोका गार्डनला रेल्वेलाइनीजवळ घर बांधून राहिले. घरात रीत अशी की परक्यासमोर परक्याबद्दल बोलायचं ते मराठीत. दुकानदार समोर असताना त्याच्या मापाबद्दल, पाहुणा समोर असताना त्याच्या बुटांच्या वासाबद्दल, घरमालकाच्या बायकोसमोर तिच्या दातांबद्दल. हिंदी आणि मराठी जवळच्या, तेव्हा अर्धं समोरच्याला कळायचंच. म्हणून वडिलांनी पोरांना कसब शिकवलं होतं. महाग म्हणू नका, कळतं, परवडत नाही म्हणा. बुढ्ढा म्हणू नका, थेरडा म्हणा. शिवाय बोलताना चेहरा हसरा ठेवा. भोपाळच्या पुष्कळ मराठी घरांत ही विद्या आहे आणि तिचा सगळ्यांना अभिमान आहे. शशिकला त्या विद्येत पारंगत होती. मराठी म्हणजे आतून कडी लावलेली खोली, अशी तिची पक्की समजूत होती. भिंतीला कान असतील, पण भोपाळच्या भिंतींना मराठी येत नाही.

नेमांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. दवाखान्यातून ते चाकांच्या खुर्चीत बसून ऑफिसात आले, तेव्हा सगळा स्टाफ डोळे पुसत उभा होता. शशिकलाही उभी होती. तिने त्यांच्या वाकड्या ओठाकडे पाहिलं, कोपऱ्यातून गळणाऱ्या लाळेकडे पाहिलं, आणि तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर आनंदच झाला. तिने रुमाल डोळ्यांना लावला आणि त्याच्याआड तो आनंद पुरेसा उपभोगून घेतला.

पण झालं असं की त्यांचं बोलणं कुणालाच कळेना. मुलाला नाही, सुनेला नाही, घरी ठेवलेल्या नर्सला नाही. पहिल्याच दिवशी ते काहीतरी म्हणाले, सगळे एकमेकांकडे बघत राहिले, आणि काचेमागून शशिकला म्हणाली की बाबूजी पंखा बंद करायला सांगताहेत. नेमांनी मान हलवली. जन्मभर चेहऱ्याशिवाय नुसते आवाज ऐकलेली बाई ती. पावसाळ्यात खरखरणाऱ्या लाइनीवर, खंडव्याच्या बाजारातल्या गलक्यात माणसाचं बोलणं वेचून काढायची तिला सवय. त्या जड जिभेतले शब्द तिला सरळ ऐकू यायचे. तेव्हापासून ती त्यांची जीभ झाली. कुणाचा फोन आला की ती लाइनीवर राहायची. बाबूजी बोलायचे आणि तेच ती स्वच्छ हिंदीत पलीकडे सांगायची. जिला समोर येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तिला आता ऊठसूट घंटी वाजवून समोर बोलवावं लागायचं.

आणि शशिकला ती मजा चाखायची. बाबूजी एखाद्याला मवाळ बोलले तर ती त्यात चिमूटभर तिखट घालायची. नावडत्या माणसाला होकार द्यायचा असेल तर इतका उशीर लावून द्यायची की तो होकार घेणारा रडकुंडीला यावा. बाबूजींना ऐकू व्यवस्थित यायचं. फारच वेगळं सांगितलं तर ते डाव्या हाताने टेबल बडवायचे. मग ती "हो, हो, तेच सांगतेय" अशा चेहऱ्याने शब्द सरळ करायची. पण माणूस किती वेळा टेबल बडवणार? पुष्कळदा ते नुसते बघत राहायचे. जिच्यावाचून चालत नाही तिच्याशी भांडता येत नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं नसेल.

मग यशने इंटरनेटवरचे फोन आणायचं काढलं.

यश नेमांचा एकुलता एक मुलगा. बाहेर शिकून आलेला, घाईचा. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुन्या एक्स्चेंजला मोजक्या लाइनी, त्या भरल्या की गिऱ्हाइकाला बिझी टोन. पाऊस पडला की खरखर. रस्ता खोदला की तार तुटायची आणि लाइनमनची वाट बघत बसायचं. मंडीदीपची जुनी लाइन तर उन्हाळ्यापासून मेलेलीच होती. नव्या फोनला तार नको, एकच नंबर ऑफिसात, कारखान्यात आणि खिशातल्या मोबाईलवरही वाजणार, नवा माणूस आला की त्याला लगेच नंबर मिळणार, आणि फोन ज्याचा त्याला थेट जाणार. मधे कुणी नको. हे शेवटचं बोलताना तो काचेच्या पार्टिशनकडे बघत नव्हता, आणि तो बघत नाही हे शशिकलाने बरोबर हेरलं.

बाबूजींनी अट घातली. दसऱ्यापर्यंत दोन्ही फोन चालू ठेवायचे. मग शशी सांगेल कुठला ठेवायचा ते. ही अट यशला सांगितली ती अर्थात शशिकलाने. यशला वाटलं तिने पदरचं घातलं असेल, म्हणून त्याने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात तो हा प्रकार, आणि तो यशला पुरता कळला. शशिकलाला एवढंच कळलं की जुना फोन राहिला तर ती राहील. नाही राहिला, तर अशोका गार्डनच्या घरात रेल्वेगाड्यांचा आवाज ऐकत ती आणि चार भिंती. त्या घरात तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. आई-वडील गेले होते, भाऊ नागपूरला परत गेला होता आणि सणावाराला फोन करायचा. दिवसभर कुणीतरी आपला आवाज ऐकतंय, या एका गोष्टीवर ती उभी होती.

गंमत अशी की तिला खोटं वागायची गरजच नव्हती. नव्या फोनमध्ये एक खोट होती आणि ती पहिल्याच दिवशी तिच्या कानाने पकडली. ते मशीन बोलणं स्वच्छ करून पुढे पाठवायचं. मागचा पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, खोकला, सगळं गाळून फक्त माणसाचा आवाज ठेवायचं. त्यात बाबूजींचा आवाजही गाळला जायचा. त्यांची ती घरघर मशीनला आवाज वाटतच नसे, कचरा वाटे. पलीकडच्या माणसाला नुसती शांतता ऐकू यायची. जुन्या तारेवरून घरघर का होईना, पोचायची तरी. हे एवढं तिने यशला सांगितलं असतं तर पुरलं असतं. बापाचा आवाज गाळणारा फोन कुठल्या मुलाने ऑफिसात लावला असता? निदान लाजेकाजेस्तव तरी नसता लावला.

पण सरळ मार्गाने आपल्याला काही मिळतं, यावर शशिकलाचा विश्वास नव्हता. तिचा अनुभवही तसा नव्हता. इंटरनेटचा राउटर तिच्याच टेबलाखाली बसवला होता, कारण जुन्या तारांचा गुंता तिथेच होता. त्याचा प्लग भिंतीत जरा सैल बसायचा. शशिकला चप्पल काढून बसायची. पायाच्या अंगठ्याने तो प्लग हलवला की दिवा विझायचा आणि सगळ्या ऑफिसातले नवे फोन मुके व्हायचे. यश जबलपूरच्या मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलत असताना तिने हे केलं. दोन सरकारी अधिकारी आले असताना केलं. लोक हॅलो हॅलो करत खोल्यांमधून बाहेर यायचे, आणि तिच्या टेबलावरचा जुना फोन मात्र ठणठणीत. ती त्यावरून गोड आवाजात पलीकडच्याची माफी मागायची, की काय करणार, नवा फोन आहे, त्याला जरा सांभाळून घ्या.

आणि हे सगळं ती प्रतिभाला सांगायची. प्रतिभा मंडीदीपच्या स्टोअरमध्ये होती. ऑफिस आणि कारखाना मिळून मराठी अशा या दोघीच, त्यामुळे मैत्री होणं भागच होतं. जुनी लाइन मेल्यापासून दोघींचं बोलणं खुंटलं होतं. नवा फोन आला आणि प्रतिभा जणू मांडीला मांडी लावून बसल्यासारखी ऐकू यायला लागली. दिवसभर शशिकला ज्या फोनला नावं ठेवायची, त्याच फोनवर दुपारचा डबा उघडून मनसोक्त बोलायची. प्रत्येक कॉल रेकॉर्ड होणार, हे यशने बसवतानाच सगळ्यांना सांगितलं होतं. शशिकलाने ते ऐकलंही होतं. तिला वाटलं, होऊ दे. कुणाच्या बापाला कळतंय.

यशला कळलं ते असं. नवा फोन सारखा बंद का पडतो म्हणून त्याने फोनवाल्या कंपनीचा माणूस बोलावला. त्या माणसाने तपासून सांगितलं की इंटरनेट उत्तम आहे, वीज कुणीतरी काढतंय, आणि ती शशिकलाच्या टेबलापाशीच जाते. मग यशने तिचे कॉल उघडले. ते मशीन नुसतं रेकॉर्ड करत नव्हतं, बोललेलं सगळं लिहूनही काढत होतं, आणि मराठीचं हिंदीही करत होतं. वडिलांनी शिकवलेलं सगळं कसब, परवडत नाही आणि थेरडा आणि कार्टं, मशीनने एका दमात हिंदीत उतरवून ठेवलं होतं. जे उरलं, ते त्याने मंडीदीपहून प्रतिभाला बोलावून विचारलं. आणि प्रतिभाने सांगितलं. आपलं हसणं सोडून सगळं सांगितलं.

दसऱ्याच्या आधी बाबूजींच्या खोलीत सगळे जमले. बाबूजी खुर्चीत, गळ्याखाली टॉवेल. यश टेबलाशी, हिशेबाचे तिघे भिंतीला टेकून, सोनल दाराजवळ. प्रतिभाही होती. ती मंडीदीपहून का आली असेल हा प्रश्न शशिकलाच्या मनात आला, पण मैत्रीण आपल्या बाजूने बोलायला आली असेल, असं तिने धरलं. तिच्याकडे पाहून हसली. प्रतिभा आपल्या पदराचा काठ बघत बसली होती.

यशने अगदी आदराने विचारलं, शशी मॅडम, कुठला फोन ठेवायचा? शशिकला तयारी करून आली होती. ती म्हणाली, नवा फोन चांगला आहे, दिसायला तर फारच, पण ऐन वेळी दगा देतो. लाइट गेली की गेला, नेट गेलं की गेला. धंद्यात माणूस शब्दावर टिकतो आणि शब्द मधेच तुटला तर पत जाते. जुना फोन म्हातारा झाला असेल, पण दगा देत नाही. शेवटचं वाक्य तिने बाबूजींकडे बघून म्हटलं आणि बाबूजींचे डोळे पाणावले. तिचा आवाज त्या दिवशी फार सुंदर लागला होता.

यशने टेबलावरच्या नव्या फोनचं एक बटण दाबलं.

 आधी शशिकलाचं हसू आलं. मग तिचाच तो गोड आवाज, मराठीत.

"अगं, अंगठ्याने एक टिचकी दिली की कार्ट्याचं सगळं इंटरनेट आडवं! आणि आमचं थेरडं बसलंय लाळ गाळत. माझ्यावाचून त्याला पाणीसुद्धा मागता येत नाही. एक दिवस मी नाही आले ना, तर तहानेने मरेल."

आणि मग ती नक्कल. शशिकलाने बाबूजींच्या जड जिभेची, त्या घरघरीची, अर्ध्यावर अडकणाऱ्या शब्दाची नक्कल केली होती, आणि ती हुबेहूब होती. बाबूजींचा खरा आवाज कचरा म्हणून फेकून देणाऱ्या त्या मशीनने ही नक्कल मात्र श्वासासकट जपून ठेवली होती. प्रतिभाचं खो खो हसणं ऐकू आलं. भिंतीला टेकलेल्या तिघांपैकी एकाला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. म्हणजे नक्कल त्यालाही पटली होती.

आवाज पुढे चालूच राहिला. "मला म्हणाला होता मेला, सामने मत आना. आता म्हणावं, तू जा आरशासमोर. तूही कुणाच्या समोर येऊ नकोस आता."

यशने बटण बंद केलं. त्यातलं मराठी प्रतिभा सोडली तर खोलीत कुणालाच कळणार नव्हतं, पण त्याने हिंदी कागदावर काढून आणलं होतं, आणि ते त्याने मोठ्याने वाचलं. सगळं, अगदी पाण्याचं आणि तहानेचंही. वाचताना त्याचा आवाज जराही चढला नाही. मधे एका जागी तो थांबला आणि एका शब्दाचा अर्थ त्याने प्रतिभाला विचारला. प्रतिभाने खाली मान घालून सांगितला.

 शशिकलाच्या जिभेवर एकच गोष्ट होती, की हा फोन बाबूजींचा आवाज गाळतो, माझं सोडा पण हे तरी ऐका. हे खरं होतं आणि या घटकेला ते बोलणं म्हणजे आणखी एक कावा वाटला असता. खऱ्याची वेळ तिने स्वतःच अंगठ्याने उडवली होती. तिने बाबूजींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो असता तरी त्या चेहऱ्यावर कळला नसता.

बाबूजी बोलले. जड, तुटक, घरघरत. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला त्यांना. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली आणि ती पुसायला कुणी पुढे झालं नाही.

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. यश वडिलांच्या तोंडाशी वाकला. त्याने पुन्हा विचारलं. बाबूजींनी पुन्हा तेच म्हटलं. यश सरळ झाला आणि सवयीने, अगदी निव्वळ सवयीने, त्याने शशिकलाकडे वळून विचारलं, "क्या बोल रहे हैं?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. शशिकलाला ते पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं. तिला काहीही सांगता आलं असतं. बाबूजी म्हणतायत जाऊ द्या, म्हातारी झाली, माफ करा. बाबूजी म्हणतायत जुना फोन ठेवा. तिने तोंड उघडलं, आणि बाबूजींचा डावा हात टेबलावर येऊन बसला. बडवला नाही त्यांनी. नुसता ठेवला, आणि तिच्याकडे बघत राहिले.

"कह रहे हैं," शशिकला म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आवाज तडकला. "कह रहे हैं, अब सामने मत आना।"

"किसको?"

"मुझको।"

बाबूजींनी मान हलवली. बरोबर सांगितलंस, अशी. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. त्यांची जीभ झाल्यापासून इतकं इमानी भाषांतर तिने त्यांचं केलं नव्हतं.

मग फार काही उरलं नव्हतं. यशने सांगितलं की हिशेब घरी पोचेल, आजच टेबल रिकामं करा. प्रतिभा तिला ओलांडून मंडीदीपच्या गाडीत जाऊन बसली. शशिकलाने काचेमागून आपला डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली, खुर्चीवरची उशी घेतली. टेबलाखालची चप्पल पायात घालताना तिचा अंगठा राउटरच्या वायरीला लागला आणि तिने पाय झटकन मागे घेतला. एका माणसाने येऊन जुन्या एक्स्चेंजचा डबा उघडला आणि एकेक तार काढायला सुरुवात केली. कुठली आधी काढू, हे त्याने तिलाच विचारलं. तिने सांगितलं.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा बाबूजींच्या खोलीत नवा फोन वाजला. थेट, मधे कुणी नाही. यश तोवर खाली गेला होता. दार उघडंच होतं. बाबूजींनी डाव्या हाताने बटण दाबलं आणि स्पीकरवर खंडव्याच्या व्यापाऱ्याचा आवाज खणखणीत आला. शशिकलाने तो लगेच ओळखला. दिवाळीला डबा पाठवणारा तो हाच.

बाबूजी बोलले. पलीकडून आवाज आला, हॅलो? कोण बोलतंय? बाबूजी पुन्हा बोलले. हॅलो, काहीच ऐकू येत नाही, कोण आहे? बाबूजींनी तिसऱ्यांदा म्हटलं, या वेळी मानेच्या शिरा ताणून, फोनवर ओणवे होऊन. गळ्याखालचा टॉवेल खाली पडला. पलीकडचा माणूस वैतागला, कुणी बोलतच नाही म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

सोनल खुर्चीतून अर्धवट उठली होती. खोलीकडे बघत होती आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. ती शशिकलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, बाबूजी क्या कह रहे हैं? बता दीजिए ना।"

बाबूजी स्वतःचं नाव सांगत होते. विश्वनाथ नेमा बोलतोय, एवढंच. दुसरं काही नाही. उघड्या दारातून त्यांनी शशिकलाकडे पाहिलं आणि तशीच घरघर पुन्हा केली, या वेळी फोनकडे नाही, तिच्याकडे बघून. त्यातही फक्त एक नाव होतं. तिचं.

शशिकलाने पर्सची चेन लावली.  मग तिने सोनलकडे वळून तिच्या त्या जुन्या, गोड, कोकिळेच्या आवाजात सांगितलं, बाबूजींना स्वच्छ ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"पता नहीं बेटा। मुझे भी समझ में नहीं आया।"

आणि ती जिना उतरून गेली.